कोच व्हायला बंदी, अध्यक्ष व्हायला नाही

आपल्याकडच्या कचेऱ्यांत ‘कारणे दाखवा’ नोटीस ज्याला मिळते त्यानंच तिचं उत्तर द्यायचं असतं. माणूस चार दिवस मान खाली घालून वावरतो, खुलासा लिहून देतो आणि कागद फायलीत जातो. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संघटना एनसीएए हिचा याच नावाचा आदेश वेगळ्या जातीचा आहे. तो निघतो माणसावर, पण कारणं दाखवायची असतात त्याला नोकरी देऊ पाहणाऱ्या कॉलेजनं. या गृहस्थाला मैदानावर आणल्याबद्दल आमच्यावर कारवाई का होऊ नये, ते त्या कॉलेजनं सांगायचं. एवढी कटकट अंगावर कोण घेणार? त्यामुळे मुदत संपेपर्यंत तो माणूस कॉलेजच्या खेळांतून जवळपास हद्दपार होतो.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे दहा हंगाम फुटबॉल कोच राहिलेले जिम ट्रेसेल यांच्यावर हा आदेश २० डिसेंबर २०११ला निघाला. मुदत होती १९ डिसेंबर २०१६पर्यंत. आणि २०१४च्या उन्हाळ्यात, म्हणजे मुदतीची निम्मी वर्षं शिल्लक असताना, त्याच राज्यातल्या यंगस्टाउन स्टेट युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष म्हणून ते रुजू झाले. या विद्यापीठाचा स्वतःचा फुटबॉल संघ एनसीएएच्या स्पर्धांत खेळतो. त्या संघाचा साहाय्यक कोच म्हणून ट्रेसेल यांना घ्यायचं तर विद्यापीठाला घाम फुटला असता. पण कोच ज्याला जाब देतो तो क्रीडा संचालक आणि क्रीडा संचालक ज्याला जाब देतो तो अध्यक्ष, त्या खुर्चीत बसवायला काही अडचण आली नाही.

हे ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते. माझीही झाली होती. मग प्रकरण नीट पाहिल्यावर वाटायला लागलं की यंगस्टाउनच्या विश्वस्तांनी केलेला हिशेब वेडगळ नव्हता. तो अर्धा बरोबर होता, आणि अर्धा बरोबर असलेला हिशेब पूर्ण चुकलेल्यापेक्षा अभ्यासायला जास्त उपयोगी.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर ढाली चढवून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मेस्सीचा फुटबॉल नव्हे. आणि अध्यक्ष म्हणजे साधारण आपले कुलगुरू. फरक इतका की वर कुलपती म्हणून राज्यपाल नसतात. राज्यपालांनी नेमलेलं विश्वस्त मंडळ अध्यक्ष नेमतं आणि तेच काढतं. पीएच.डी. असावी, प्राध्यापकीचा अमुक इतका अनुभव असावा, अशी कायद्याची अट नाही. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८च्या नियमांत कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून किंवा समकक्ष पदावर दहा वर्षं हवीत. जानेवारी २०२५च्या मसुद्यात उद्योग आणि प्रशासनातल्या लोकांनाही दार उघडायचा प्रस्ताव आला, तेव्हा दक्षिणेतल्या राज्य सरकारांनी त्याला कडाडून विरोध केला. ओहायोत ते दार कधी बंदच नव्हतं.

ट्रेसेल यांच्या घरात कोचिंग वडिलोपार्जित. वडील ली ट्रेसेल क्लीव्हलँडजवळच्या बाल्डविन-वॉलेस या छोट्या कॉलेजचे कोच होते. १९७८मध्ये त्यांच्या संघानं तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. जिम यांचा जन्म १९५२चा. वडिलांच्याच संघात ते क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, होते. नंतर ॲक्रन विद्यापीठात शिक्षणशास्त्रात एम.ए. करता करता शिकाऊ कोच झाले, मग तीन-चार विद्यापीठांत साहाय्यक. पदव्यांचा हिशेब तिथेच संपतो. डॉक्टरेट नाही.

१९८६मध्ये ते यंगस्टाउनला मुख्य कोच म्हणून आले. हे गाव काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

यंगस्टाउन हे पोलादाचं गाव. १९३०मध्ये लोकसंख्या १ लाख ७० हजार होती, २०२०च्या जनगणनेत ती ६० हजारांवर आली. १९ सप्टेंबर १९७७ या सोमवारी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीनं आपला मोठा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि एका फटक्यात पाचेक हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तिथले लोक अजून त्याला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. पुढच्या काही वर्षांत बाकीचे कारखानेही गेले. गिरण्यांच्या संपानंतरचा लालबाग-परळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की परळच्या भोवती मुंबई होती, यंगस्टाउनच्या भोवती दुसरं काहीच नव्हतं.

अशा गावात आलेल्या ट्रेसेल यांच्या पहिल्या हंगामात संघानं दोन सामने जिंकले आणि नऊ हरले. त्यानंतर मात्र १९९१, १९९३, १९९४ आणि १९९७ असं चार वेळा दुसऱ्या फळीचं राष्ट्रीय विजेतेपद घरी आलं. १९९१च्या विजेतेपदामुळे बापलेक दोघांनी राष्ट्रीय विजेता संघ घडवल्याची पहिलीच नोंद झाली. ली ट्रेसेल १९८१मध्येच कर्करोगानं गेले होते, त्यांना ते बघायला मिळालं नाही. ज्या गावाच्या बातम्या म्हणजे कारखाना बंद, माफियाचा खून आणि राजकारणी तुरुंगात, त्या गावाला दर दोन-तीन वर्षांनी छाती फुगवायला एक कारण मिळत होतं. गाव हे विसरलं नाही. २०१४च्या निवडीतलं खरं भांडवल हेच होतं.

पण त्याच चार विजेतेपदांतल्या पहिल्याला एक गाठ आहे. १९९१च्या संघाचा क्वार्टरबॅक रे आयझॅक याला मिकी मोनस हे स्थानिक उद्योगपती रोख रक्कम देत होते आणि वापरायला मोटारीही. रक्कम दहा हजार डॉलरच्या आसपास. कॉलेज खेळाडूनं तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे दमडी घेणंही नियमबाह्य होतं. हे मोनस म्हणजे फार-मोर या औषध दुकानांच्या साखळीचे संस्थापक. साखळी १९९२मध्ये कोसळली, हिशेबातला घोटाळा कोट्यवधी डॉलरचा निघाला आणि मोनस तुरुंगात गेले. त्याआधी ते कोण होते? यंगस्टाउन स्टेटच्याच विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. १९९४मध्ये एनसीएएकडून विचारणा झाली, विद्यापीठानं घरातल्या घरात चौकशी केली आणि काहीच सापडलं नाही. सत्य बाहेर आलं ते काही वर्षांनी, मोनस यांच्या खटल्याच्या निमित्तानं. अखेर काही शिष्यवृत्त्या कमी करण्याची शिक्षा झाली, विजेतेपद शाबूत राहिलं. ट्रेसेल यांच्यावर व्यक्तिगत ठपका आला नाही. मला काहीच माहीत नव्हतं, हा त्यांचा पवित्रा. तो लक्षात ठेवावा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

जानेवारी २००१मध्ये ओहायो स्टेटनं त्यांना बोलावलं. म्हणजे राज्याची राजधानी कोलंबस, एक लाखाहून जास्त माणसं मावणारं स्टेडियम आणि मिशिगन विद्यापीठाशी शंभर वर्षांचं वैर. आधीचे कोच जॉन कूपर चांगले होते, पण मिशिगनविरुद्ध तेरा सामन्यांत त्यांचे विजय दोन. नेमणुकीनंतर काही तासांतच, १८ जानेवारीला, बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात ट्रेसेल यांच्या हातात माईक दिला गेला. आमची मुलं वर्गात, समाजात आणि विशेषतः ३१० दिवसांनी ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगनच्या, मैदानावर तुमची मान उंच करतील, असं ते म्हणाले. दिवस मोजून आले होते. ३१० दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ओहायो स्टेट २६-२० जिंकलं. पुढच्या हंगामात १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपदही आणलं. दहा वर्षांत मिशिगनविरुद्ध नऊ विजय आणि एक पराभव.

त्यांच्या खेळाबद्दल एक गोष्ट थोडी जवळून बघण्यासारखी आहे. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले की चौथ्यात बहुतेक संघ ‘पंट’ करतात, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतात. प्रेक्षकांना हा क्षण हरल्यासारखा वाटतो, बरेच जण तेवढ्यात खायला घ्यायला उठतात. ट्रेसेल म्हणायचे, पंट ही फुटबॉलमधली सगळ्यात महत्त्वाची चाल. चेंडू द्यायचाच आहे तर अशा जागी द्या की समोरच्याला आख्खं मैदान तुडवत यावं लागेल, मग थांबा, तो चूक करतोच. घाई नाही, धाडस नाही. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पांढरा शर्ट, टाय. पत्रकारांनी काहीही विचारलं तरी गोड, लांबलचक उत्तर आणि हाताला काही लागू न देणं. त्यावरून टोपणनाव पडलं ‘द सिनेटर’. घरच्या सामन्यानंतर खेळाडूंनी बँडसमोर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून विद्यापीठगीत म्हणायचं, ही तिथली आजची प्रथाही त्यांनी सुरू केलेली.

आता एप्रिल २०१०. कोलंबसमधल्या एका टॅटूच्या दुकानदाराच्या घरावर अमली पदार्थांच्या संशयावरून केंद्रीय तपास यंत्रणेचा छापा पडतो. घरात ओहायो स्टेटच्या खेळाडूंच्या वस्तू सापडतात. विजेतेपदाच्या अंगठ्या, जर्सी आणि ‘गोल्ड पँट्स’. ही म्हणजे मिशिगनला हरवल्याबद्दल खेळाडूंना मिळणारी, सोनेरी चड्डीच्या आकाराची चिमुकली पदकं. ती विकून मुलांनी पैसे घेतले होते, स्वस्तात टॅटू गोंदवून घेतले होते. त्यात संघाचा क्वार्टरबॅक टेरेल प्रायरही होता. (स्वतःला मिळालेलं पदक विकणं हा गुन्हा का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाल्यावर तर ते सगळंच केविलवाणं वाटतं. पण नियम तेव्हा होता आणि कोचला तो तोंडपाठ होता.)

२ एप्रिलला एका वकिलानं, जो स्वतः त्या संघाचा माजी खेळाडू होता, ट्रेसेल यांना ईमेलनं हे कळवलं. ट्रेसेल यांनी उत्तर दिलं. ते ईमेल प्रायरच्या गावाकडच्या एका वडीलधाऱ्या हितचिंतकाकडे पुढे पाठवलं. फक्त विद्यापीठात नियमपालन बघणारा विभाग, क्रीडा संचालक, अध्यक्ष, यांपैकी कोणालाच सांगितलं नाही. सप्टेंबरमध्ये एनसीएएचा दरवर्षीचा फॉर्म आला, आपल्याला कुठल्याही नियमभंगाची माहिती नाही अशा आशयाचा. त्यावर सही केली. ज्या मुलांना बसवायला हवं होतं ती हंगामभर खेळली. डिसेंबरमध्ये छाप्याची बातमी विद्यापीठाला अधिकृतपणे कळली, पाच खेळाडूंवर पुढच्या हंगामातले पाच सामने बंदी आली, आणि तेव्हाही ट्रेसेल यांनी ‘मला आधीच माहीत होतं’ असं म्हटलं नाही. जानेवारी २०११मध्ये दुसऱ्याच कामासाठी ईमेल चाळताना विद्यापीठाला ते सापडलं.

त्यांचं स्पष्टीकरण असं की प्रकरणात केंद्रीय तपास होता, वकिलानं गुप्तता मागितली होती, मुलांच्या जिवाची काळजी वाटली. यातला काळजीचा भाग खोटा नसावा. पण ईमेल नेमकं कुठे गेलं ते बघा. मुलाला सांभाळू शकेल अशा माणसाकडे गेलं, संस्थेकडे गेलं नाही. घरातल्या भानगडी घरातच मिटवणाऱ्या कर्त्या पुरुषाची ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही.

८ मार्चला पत्रकार परिषद झाली. दोन सामन्यांचं निलंबन, अडीच लाख डॉलर दंड. कोचला काढण्याचा विचार केला का, असं कोणीतरी विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन गी यांना विचारलं. कोचच मला काढणार नाहीत एवढीच आशा आहे, असं उत्तर त्यांनी दिलं. विनोदच होता तो, पण अमेरिकेत कोणाच्या हातात काय असतं हे त्याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. ३० मे रोजी ट्रेसेल यांनी राजीनामा दिला. २०१०चे सगळे बारा विजय नोंदींतून पुसले गेले, २०१२च्या हंगामाअखेरच्या सामन्यांवर संघाला बंदी आली आणि ट्रेसेल यांच्यावर तो पाच वर्षांचा आदेश. बंदीचा हा हंगाम ओहायो स्टेटनं नव्या कोचच्या हाताखाली बारापैकी बारा जिंकला आणि पुढे खेळता न आल्यानं घरी बसला. याच हंगामात, नोव्हेंबर २०१२मध्ये, दहा वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचा सत्कार झाला तेव्हा जुन्या खेळाडूंनी ट्रेसेल यांना खांद्यावर उचलून घेतलं. ज्यांच्या गप्प बसण्यामुळे संघावर बंदी होती, त्यांच्यासाठी स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

दरम्यान त्यांनी मैदानाबाहेरची वाट धरली होती. फेब्रुवारी २०१२मध्ये ॲक्रन विद्यापीठानं त्यांना उपाध्यक्ष केलं. काम विद्यार्थी आणणं, टिकवणं, माजी विद्यार्थ्यांशी नातं ठेवणं. क्रीडा विभागाशी संबंध नाही, म्हणजे आदेशाचा अडसर नाही. दोन वर्षांनी, २०१४च्या वसंतात, ॲक्रनचं अध्यक्षपद रिकामं होत होतं आणि शेजारच्या यंगस्टाउनचंही. यंगस्टाउनचे अध्यक्ष रँडी डन सातेक महिन्यांतच दुसरीकडे, इलिनॉयला, निघून गेले होते. गावाला ते फार लागलं. एवढं शोधून आणलेला माणूस वर्षही टिकला नाही. दोन्हीकडे ट्रेसेल यांचं नाव चर्चेत होतं. ९ मे २०१४ला यंगस्टाउनच्या विश्वस्तांनी त्यांना निवडलं. पगार वर्षाला ३ लाख डॉलर. कोच असताना ते पस्तीस लाखांच्या घरात कमवत होते.

विश्वस्तांच्या जागी स्वतःला ठेवून पाहू. २०१०मध्ये विद्यार्थी १५ हजारांवर होते, २०१४मध्ये साडेबारा हजारांच्या आसपास. सरकारी विद्यापीठ असलं तरी खर्चाचा मोठा भाग फीमधून निघतो, म्हणजे पोरं गेली की पैसा गेला. त्यात ओहायोनं अनुदानाचं सूत्र बदललं होतं. किती जणांनी प्रवेश घेतला यापेक्षा किती जणांनी विषय आणि पदवी पूर्ण केली, यावर आता पैसे मिळणार होते. यंगस्टाउनसारख्या, येईल त्याला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाला हे जड जाणारं. पोरगं कारखानदार गावातलं, घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं, दुसऱ्या वर्षी नोकरी मिळाली की गळणारं. मग अध्यक्षानं करायचं काय? गावोगावच्या शाळांत जाऊन मुलं आणायची, आईबापांच्या बैठकीच्या खोलीत बसून ‘आमच्याकडे पाठवा, मी बघतो’ म्हणायचं, आलेल्या मुलाला टिकवायचं, श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या खिशात हात घालायचा आणि गावाला धीर द्यायचा. कॉलेज फुटबॉलचा कोच आयुष्यभर नेमकं हेच करतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईला पटवण्याचा तीस वर्षांचा अनुभव कुठल्या प्राध्यापकाकडे असतो?

शिवाय, हा माणूस सात महिन्यांत पळून जाणार नव्हता.

या हिशेबाची उलट तपासणी निसर्गानंच करून ठेवली आहे. ॲक्रनने त्याच वर्षी स्कॉट स्कारबरो यांना अध्यक्ष केलं. डॉक्टरेट, दुसऱ्या विद्यापीठात प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचे प्रमुख), म्हणजे प्रशासनाचा सगळा रीतसर अनुभव. २०१५मध्ये त्यांनी ६ कोटी डॉलरची तूट भरून काढण्यासाठी दोनशेवर पदं कापली, बेसबॉल संघ बंद केला. नेमकं त्याच सुमारास अध्यक्षांच्या बंगल्याच्या सजावटीवर दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाल्याचं बाहेर आलं आणि त्या यादीत एक शोभेची ऑलिव्हची बरणी होती, किंमत ५५६ डॉलर ४० सेंट. बस. तुटीचे तक्ते कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, बरणी राहिली. मे २०१६मध्ये स्कारबरो पायउतार झाले. ट्रेसेल तिथून तासाभराच्या अंतरावर साडेआठ वर्षं टिकले. बरणीची चूक त्यांच्या हातून कधी झाली नसती, एवढं मी खात्रीनं म्हणेन. लोकांना काय दिसतं हे त्यांना जन्मजात कळत होतं.

त्यांच्या काळात जमेची बाजू भक्कम आहे. सुरुवातीच्या वर्षांत प्रवेशांची घसरण थांबली. सरसकट प्रवेशाऐवजी अटी आल्या, हुशार मुलांसाठीचं ऑनर्स महाविद्यालय वाढलं, विद्यापीठाला लागून खासगी विकासकांनी विद्यार्थ्यांसाठी इमारती बांधल्या. संध्याकाळी ओस पडणाऱ्या परिसरात मुलं राहायला लागली. निधी मोहिमेचं उद्दिष्ट १० कोटी डॉलर होतं, ते ओलांडलं. सहाएक कोलांट्या खाल्लेल्या गावात हे सोपं नाही. २०१९मध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला, तेव्हा यंत्रकामाचं नवं प्रशिक्षण देणारं केंद्र उभं करण्यात विद्यापीठ पुढे होतं.

फुटबॉलही होताच. नेब्रास्का विद्यापीठानं काढून टाकलेले बो पेलिनी, हे यंगस्टाउनचेच सुपुत्र, २०१४च्या डिसेंबरात कोच म्हणून आले. संघ जानेवारी २०१७मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. पण त्याच वर्षी एक प्रकरण आलं. यंगस्टाउनच्या दक्षिणेला स्टुबेनव्हिल म्हणून गाव आहे. तिथे २०१२मध्ये दोन शाळकरी फुटबॉलपटूंनी एका मुलीवर अत्याचार केला. बालन्यायालयानं दोघांना दोषी धरलं होतं. त्यातला एक, शिक्षा भोगून, यंगस्टाउनला शिकायला आला आणि २०१७मध्ये संघात घेतला गेला. विद्यार्थ्यांनी याचिका काढली, हजारो सह्या झाल्या. विद्यापीठानं मधला मार्ग काढला, सराव करू द्यायचा पण त्या हंगामात सामने नाहीत. मुलगा कोर्टात गेला, न्यायाधीशांनी विद्यापीठाला तात्पुरतं रोखलं, शेवटी समझोता झाला. अत्याचाराविरुद्ध उभे राहिलेले विद्यार्थी नाराज आणि शिक्षा संपलेल्याला शिकू-खेळू द्या म्हणणारेही नाराज. माणसाला दुसरी संधी द्यावी, ही ट्रेसेल यांची जुनी श्रद्धा. स्वतः त्या खुर्चीत बसले होते तेही दुसऱ्या संधीमुळेच. पण आपली संधी आपल्या चुकीवर मिळालेली असते, इथे किंमत मोजलेली होती तिसऱ्याच कोणीतरी. हा फरक विद्यापीठाच्या त्या मधल्या मार्गात कुठे दिसला नाही.

आता हिशेबाचा चुकलेला अर्धा भाग. कोचच्या जगात खेळाडूला मत नसतं. सामन्यात कोणी खेळायचं, चाल कोणती, हे कोच ठरवतो, आणि न पटलेला बाकावर बसतो. विद्यापीठात प्राध्यापक हा खेळाडू नसतो. अभ्यासक्रमावर त्याचा हक्क असतो, त्याची संघटना असते, करार असतो आणि अध्यक्ष त्याला आपला वरिष्ठ वाटेलच असं नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये, कोविडच्या ऐन भरात, पगाराच्या करारावरून प्राध्यापक संपावर गेले. संप थोडक्यात मिटला, कडवटपणा राहिला. २०२१च्या शेवटी विद्यापीठानं दोन डझनांहून जास्त अभ्यासक्रम बंद करायचं जाहीर केलं, काही प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. विद्यार्थीसंख्या पुन्हा उतरणीला लागली होती, तेव्हा काहीतरी कापावं लागणार हे खरं. पण अमुक विषय विद्यापीठात का असावा, पटावर आठच पोरं असली तरी का असावा, हा युक्तिवाद घरच्यासारखा करू शकणारा माणूस वर नव्हता. प्राध्यापकांना तक्ते मिळाले. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या आईबापांना शब्द दिले, त्याला मास्तरांशी कुठल्या भाषेत बोलायचं ते सापडलं नाही, असं माझं मत.

आणि पंट? तोही दिसतो. साडेआठ वर्षांत मोठी जोखीम कुठे नाही, नाव बदलायची टूम नाही (ॲक्रनमध्ये तीही झाली होती), चमकदार घोषणा नाही. जागा राखायची, थांबायचं. ज्या मैदानाची लांबी दर वर्षी थोडी थोडी घटते, तिथे ही चाल कितपत चालते याबद्दल मात्र मला शंका आहे.

राहिला एनसीएएच्या फॉर्मवरच्या त्या सहीचा प्रश्न. संस्थाप्रमुख होऊ पाहणाऱ्या माणसाच्या नावावरची सगळ्यात मोठी नोंद म्हणजे संस्थेपासून माहिती लपवणं, हे विश्वस्तांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? साऱ्या देशाला ठाऊक होतं. पण कोलंबसमध्ये ज्याला लपवाछपवी म्हणतात त्याला यंगस्टाउनमध्ये पोरांची पाठराखण म्हणतात. ज्या गावाला कारखान्याच्या मालकांपासून राजकारण्यांपर्यंत सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलं, त्याला आपल्या माणसांसाठी स्वतःची गर्दन अडकवणारा माणूस वाईट वाटणं अवघडच. निवड समितीनं अर्ज तपासले, मुलाखती घेतल्या, सगळं रीतसर. तरी निवड गावानं आधीच केलेली होती.

ट्रेसेल यांनी २०२२च्या जूनमध्ये जाहीर करून १ फेब्रुवारी २०२३ला अध्यक्षपद सोडलं. त्यांच्यानंतर विश्वस्तांनी गुपचूप शोध घेऊन रिपब्लिकन खासदार बिल जॉन्सन यांना आणलं. या वेळी विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जॉन्सनही शिक्षणक्षेत्राबाहेरचेच, पण गावात त्यांच्या नावावर चार विजेतेपदं नव्हती. दार एकदा उघडलं की आत कोण येईल हे पहिल्या पाहुण्यावरून ठरत नाही, हे विश्वस्तांना तेव्हा कळलं असावं, किंवा नसावंही.

इकडे जानेवारी २०२५मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालचे, जॉन हस्टेड यांना उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या जे. डी. व्हान्स यांची रिकामी झालेली सिनेटची जागा मिळाली. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी हस्टेड यांच्या पदासाठी ७२ वर्षांच्या ट्रेसेल यांचं नाव सुचवलं, विधिमंडळानं मंजुरी दिली आणि १४ फेब्रुवारीला शपथ झाली. त्याआधी त्यांनी एकही निवडणूक लढवलेली नव्हती. हस्टेड खरेखुरे सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेले आणि त्यांच्या जागी कोलंबसमध्ये ‘द सिनेटर’ येऊन बसले.